शेलूबाजारचा पेंढारी

भाऊ, तू गेलास त्या दिवसापासून माय मला एकच गोष्ट विचारते आहे आणि मला तिचं उत्तर देता येत नाही. "गनपत, सुतक धराचं का नाही?" तू ख्रिस्ती झालास तेव्हा बाबांनी भावकीसमोर तुझ्या नावानं मातीची घागर फोडली होती. स्वतः अंघोळ केली, मायलाही करायला लावली. तू वाशीमला मिशनच्या आवारात साहेबाला मराठी शिकवत जिताजागता बसला होतास आणि इकडे अनसिंगात तुझं सगळं आटोपलं होतं. आता तू खरोखर गेलास, तर भावकीतले थोरले म्हणून तात्यांनी निवाडा दिला की एका माणसाचं सुतक दोनदा नसतं. माय नंतर चुलीपाशी हळूच म्हणाली, "मंग मी आता रडू ते कायच्या हिशेबानं?" मी शाळामास्तर. गावाला अर्ज लिहून देतो, भांडणात मध्ये पडतो, चार शहाण्या गोष्टी सांगतो. मायपुढे माझी मास्तरकी चालली नाही. मी उठून बैलांना पाणी दाखवायला गेलो.

हे मी तुला आज का लिहितोय ते सांगून टाकतो, कारण मनात ठेवलं तर मला झोप नाही. तुझी पोर कृपा. आधी तिची आई गेली, आता बाप. आज सकाळपर्यंत ती मिशनच्या आवारातल्या एस्तरबाईंकडे होती. उद्या रविवार, प्रार्थना आटोपली की साहेब अनसिंगला येणार आहेत आणि मला हो की नाही ते सांगायचं आहे. साहेबांना तिला दूरच्या मिशनच्या शाळेत धाडायचं आहे, तिथंच राहील, तिथंच शिकेल. तात्या म्हणतात, पोरगी आपल्या रक्ताची, शुद्ध करून घ्या, नाव बदला, घरात आणा. तसं न करता आणली तर तुमच्या दारात भावकीचं कुणी पाणी पिणार नाही. मी दोघांनाही 'बघतो' म्हणालोय. तुला माझा 'बघतो' माहीत आहे. तू त्याला गणपतचा पळता पाय म्हणायचास.

तू काही सांगून गेला असतास तर बरं झालं असतं रे. तापात होतास, मी उशाशी बसलो होतो. तू डोळे उघडलेस आणि म्हणालास, "गनपत, कृपाले..." एवढ्यात साहेब औषधाची बाटली घेऊन आत आले आणि तू गप्प झालास. नंतर तुला बोलताच आलं नाही. कृपाले काय? कृपाले ने? कृपाले साहेबाच्या हवाली कर? कृपाले पानी दे? साहेबांना पाहून गप्प झालास, म्हणजे त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नव्हतं, असं एकदा वाटतं. मग वाटतं, साहेब आले म्हणून निर्धास्त झालास आणि बोलायची गरज राहिली नाही. मी दोन्ही बाजूंनी विचार करून करून डोकं पिकवून घेतलंय. सरू म्हणते, "तुमी आता जेवा, मंग इचार करा." तुझ्या भावजयीचा स्वभाव तुला ठाऊक आहे, जगातली कुठलीही अडचण ती ताटावर बसवते.

आणि या सगळ्यात मला राहून राहून शेलूबाजार आठवतो. हसू येतं आणि हसल्याबद्दल लाज वाटते.

तो साहेब नवा होता, आताचे नव्हेत, त्यांच्या आधीचे. तुझ्या हाताखाली त्यांची मराठी अजून मुळाक्षरांतच होती, तरी त्यांना बाजारात बोलायची घाई. तेव्हा ते इंग्रजीत बोलणार आणि तू शेजारी उभा राहून मराठी करणार असं ठरलं. मी बैलांच्या वेसणी घ्यायला आलो होतो. बाबा जिवंत होते, तुझ्याशी उघड बोलायची चोरी होती, म्हणून मिरचीवालीच्या पालामागे उभा राहून ऐकत होतो. साहेब रंगात आले. हात वर करून, काठी तलवारीसारखी धरून काहीतरी सांगू लागले. तू सांगितलंस, "समुद्रावर चाचे असतात." झालं! बाजारातला म्हातारा कापडवाला मान वर करून म्हणाला, "किसके चाचा, भाई?" लोक हसले. तू गडबडलास. समुद्र आपल्या मुलखात कुणी पाहिलेला नाही, त्यावरचे लुटारू कुठून पाहणार! तू एक क्षण थांबलास, मला तुझा चेहरा अजून दिसतो, आणि मोठ्यानं म्हणालास, "म्हंजे पेंढारी! आमी येशूचे पेंढारी हाओत. तुमच्या गावात लुटाले आलो हाओत!"

कुणीतरी मागून ओरडलं, "पेंढारी आले म्हनते, उचला वं उचला!" मिरचीवालीनं पोतं गुंडाळलं. बायांनी पोरं कडेवर घेतली. पेंढाऱ्यांना जाऊन किती पिढ्या झाल्या, पण आपल्याकडे त्या शब्दानं अजून पाय आपसूक हलतात. अर्धा बाजार पळत होता, अर्धा पळणाऱ्यांना पाहून हसत होता, आणि साहेब आनंदानं तुझा हात दाबत होते. त्यांच्या भाषणाचा एवढा परिणाम आजवर कधी झाला नव्हता म्हणे. त्या दिवसापासून तू साऱ्या मुलखात पेंढारीबाबा झालास.

मी चिडलो होतो. परतताना गाव मागे पडल्यावर तुझ्या बैलांच्या दमणीत चढलो आणि तुला फैलावर घेतलं. मला वाटलं होतं तू ओशाळशील. तू उलट खुशीत होतास. साहेब काय म्हणाले ते तू मला नीट सांगितलंस. माणसांचे आत्मे म्हणजे सैतानाच्या जहाजात कोंडलेला खजिना. आणि जीव धोक्यात घालून चढाई करायची, खजिना सोडवून आपल्या धन्याच्या पायाशी आणून ओतायचा, हे ख्रिस्ती माणसाचं काम.

"मंग सोडवनारा म्हन ना," मी म्हणालो. "लुटारू काहून म्हनतं? तुमाले लोकं आधीच पोरं पळवनारे म्हनते. आता तूच कबूल करून राह्यला!"

"सोडवनारा म्हनलं तर कोनी पाह्यलं बी नसतं मायाकडे," तू म्हणालास. मग वेगळ्या आवाजात, "आन् मले तो शब्द असाच नाही सुचला गनपत. मले पारबताबाई आठवली."

पारबताबाई म्हणजे आपल्या आजोबांची आत्या. लहानपणी आपण रडायला लागलो की माय तिचीच भीती घालायची. पेंढारी आले तेव्हा घरची सगळी माणसं धान्याच्या पेवात लपली, पारबताबाई शिंकली आणि सापडली. तिला घोड्यावर टाकून नेलं. गोष्ट ऐकली की मी मायच्या कुशीत शिरायचो. तू मात्र दरवेळी विचारायचास, "मंग तिले आनाले कोन गेलं?" माय म्हणायची, "कोनी नाही." "काहून नाही?" "झोप आता." बरीच वर्षं झाल्यावर ती आपल्या पायानं चालत परत आली आणि आपल्या लोकांनी दार उघडलं नाही, हे मायनं आपल्याला सांगितलं नव्हतं. ते तुला भावकीतल्या कुणा म्हाताऱ्याकडून कळलं. गावाबाहेर फकिराच्या तकियाजवळ ती राहिली आणि तिथंच मेली. तिला घरातून कुणी भाकरीसुद्धा नेऊन दिली नाही.

"पेंढारी एकदा लुटून गेले," तू दमणीत म्हणालास. "पन दार तं आपनच लावलं ना? मले साहेबाचं बोलनं ऐकून असं वाटलं, का तिच्यासाठी एखादा उलटा पेंढारी पाह्यजे होता. घरात घुसनारा. तिले आमच्या हातून लुटून नेनारा. आन् नेऊन आपल्या घरात ठेवनारा, इकनारा नाही."

मला तेव्हा तुझं म्हणणं पटलं होतं, पण पटलं म्हणून सांगेल तो मी कसला. मी म्हणालो, "बरं, पन एक सांग. लुटलेलं मानूस कोनाचं? ज्यानं लुटलं त्याचं, का ज्याचं हरपलं त्याचं?"

तू बैलांना चुचकारलंस. मग म्हणालास, "इचार करून सांगतो."

नाही सांगितलंस भाऊ. मी पुढं किती वेळा छेडलं. तू हसायचास, विषय बदलायचास. आज मला त्या उत्तराची जितकी गरज आहे तितकी कशाचीच नाही आणि तू नाहीस.

कृपाच्या आईला, सगुणावहिनीला, एकदा मी हाच प्रश्न विचारला होता. ती छपन्न्याच्या दुष्काळात मिशनला सापडलेली पोर, आईबाप कोण ते माहीत नाही. ती आवारात ज्वारी पाखडत होती. म्हणाली, "भाऊजी, मले कोनी लुटलं नाही. मी रस्त्यावर पडली होती. लुटाले कोनाच्या तरी घरात असा लागते." असं बोलून ती पाखडतच राहिली. तिच्या हातची आंबाडीची भाजी मी किती वेळा चोरून खाल्ली आहे हे मायला अजून माहीत नाही. त्या आवारात मला परकं कधी वाटलं नाही, तो तुम्हा दोघांचा उपकार आहे आणि तो मी तोंडानं कधी बोललो नाही. आता बोलतो. वहिनीला सांग.

मायचं मात्र तुला माहीत नसलेलं एक आहे. बाबा होते तोवर ती तुझ्याशी बोलली नाही, तुला वाटायचं ती रागावली आहे. तू अनसिंगच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानासमोर उभा राहून बोलायचास ना? माय दर बाजारी त्याच दुकानात बसायची. बांगड्या पाहायची, भाव करायची, घ्यायची नाही. कासार वैतागायचा. तू काय सांगतोस याकडे तिचं लक्ष नसायचं, तिला नुसता तुझा आवाज हवा असायचा. एकदा घरी येऊन सरूला म्हणाली, "त्याचा घसा बसला हाय. सुंठ पाठव कोनाच्या तरी हातानं, माया नावानं नको." तुला सुंठ मिळाली होती ना? ती एस्तरबाईंनी दिली असं तुला वाटलं. मी सांगणार होतो, राहून गेलं.

आता मी माझ्या दुखऱ्या जागेवर येतो. तू बाजारात अनोळखी माणसांचे हात धरून बोललास, चहा पाजलास, रात्री-बेरात्री त्यांच्या झोपडीत जाऊन बसलास. पण माझ्यावर तुझी धाड कधी पडली नाही. मी तुझ्याकडे यायचो, तुझी पुस्तकं चाळायचो, तुझ्याशी तावातावानं भांडायचो, आणि तू मला कधी एकदाही म्हणाला नाहीस, गणपत, तूही ये. सुरुवातीला मला बरं वाटलं. मग नवल वाटायला लागलं. मग राग यायला लागला. मी आलो नसतो, हे तुलाही माहीत होतं. पण न विचारणं मला लागलं. माझा आत्मा काय हरभऱ्याच्या भुशाचा होता?

बाबा गेल्यावर इंझोरी गावाहून येताना आपण शेताच्या बांधावर बसलो होतो तेव्हा मी विचारलंच. "साऱ्या जगाले लुटतं. मले काहून सोडलं?"

तू माती उकरत होतास. म्हणालास, "मायपाशी कोनी पाह्यजे ना."

एवढंच. मी भांडायच्या तयारीनं आलो होतो. तुझ्या धर्माप्रमाणे मला सोडणं म्हणजे केवढं मोठं नुकसान, हे मला तेव्हा कळलं. तुझी खरोखरची श्रद्धा होती की माझा जीव धोक्यात आहे. तरी तू मला मायसाठी ठेवलंस. त्यासाठी तू रात्री देवाशी काय बोलत असशील, याचा मी आजही विचार करतो. साहेबांना तू हे सांगितलं नसशील. सांगितलं असतं तर त्यांना ते कमजोरीचं वाटलं असतं. मला तुझी तीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

म्हणूनच कृपाचा निर्णय मला घेता येत नव्हता. तू मायचा वाटा राखलास. मग मी तुझा वाटा कसा मोडू? शुद्ध करून, नाव बदलून, तिला गंगा किंवा गोदा करून घरात आणली तर तू आयुष्यभर जे जपलंस ते मी तू गेल्याबरोबर उचकटून आणलं असं होईल. आणि साहेबांकडे दिली तर आपल्या घरानं पुन्हा एकदा दार लावलं असं होईल. तात्या म्हणतात पोरगी वाचली पाहिजे. साहेबही म्हणतात पोरगी वाचली पाहिजे. दोघांचे शब्द तेच आणि दोघंही भले आहेत, हीच तर माझी अडचण आहे. एक जरी लबाड असता तर मी कधीच मोकळा झालो असतो.

आणि भीतीचं म्हणशील तर मला सगळ्याची भीती वाटते. शाळेत पोरं येणार नाहीत. सरूला नदीवर बाया बाजूला सारतील. उद्या माझ्या पोरींची लग्नं ठरायची आहेत. कृपाला मोठेपणी कुठं द्यायचं? तू असतास तर म्हणाला असतास, गणपत, उद्याचा पाऊस आजच अंगावर घेऊ नको. मी घेतो. माझा स्वभाव आहे.

आज सकाळी मी दमणी जुंपली आणि वाशीमला निघालो. म्हटलं, पोरीलाच विचारावं. माय दारात उभी होती, डोक्यावरून पदर घेऊन. म्हणाली, "मी बी येतो." तू त्या आवारात इतकी वर्षं राहिलास आणि तिनं फाटकाच्या आत पाय टाकला नव्हता. मी तिला दमणीत बसवलं.

कृपा ओट्यावर बसून एस्तरबाईंच्या पोराचं नाक पुसत होती. तिचं कपाळ तुझं आहे, भाऊ. मी तिला म्हणालो, "कृपा, उद्या साहेब तुले इचारतीन. तुले कोठी रहाचं हाय? शाळेत, का आमच्यापाशी?"

ती माझ्याकडं न पाहता मायकडं पाहत होती. म्हणाली, "आजी, तुमच्या घरी जेवाच्या आधी डोये मिटले तं चालते का?"

माय म्हणाली, "चाल." तेवढंच. तिचं बोचकं मायनं स्वतः उचललं आणि दमणीत ठेवलं. मी एस्तरबाईंना म्हणालो की आजचा दिवस घरी नेतो, उद्या साहेबांशी बोलतो. तो माझा पुन्हा एकदा 'बघतो'च होता.

घरी पोचलो तर तात्या ओसरीवर. बातमी त्यांच्या कानावर गेली होतीच. सरूनं पानं वाढली, तात्यांचंही वाढलं. कृपा पानावर बसली आणि तिनं हात जोडून डोळे मिटले. तात्यांनी घास उचलला होता तो हातातच राहिला. "गनपत, हे काय होऊन राह्यलं? आधी शुद्धी, मंग पंगत. मी सांगतलं होतं तुले." मी मायकडे पाहिलं. माय हात आवरून बसली होती, म्हणाली, "होऊ द्या तिचं." तात्या ताटावरून उठले. चूळ भरली आणि निघून गेले. जाताना दारात एवढंच म्हणाले की आता सोमवारी भावकी बसेल. कृपाचे ओठ हलतच होते. एवढा वेळ चाललेलं तिनं काही ऐकलं नसेल असं होणार नाही, पण तिनं डोळे उघडले नाहीत.

तिचं झाल्यावर मायनं विचारलं, "सोताशी काय म्हनतं वं इतका वेळ?"

"जेवनासाठी देवाले बरं म्हनलं. मंग आईले आन् बाबाले सांभाळ म्हनलं."

"नाव घेतलं त्याचं?"

"घेतलं आजी."

मायनं तिच्या पानात भाकरी कुस्करून दिली. वर दूध ओतलं. मग म्हणाली, "रोज घेत जाय. आमच्या देवापाशी त्याचं नाव घ्याची सोय नाही राह्यली."

आणि माय रडली, भाऊ. तू गेल्यापासून पहिल्यांदा, पोरीसमोर, मोठ्यानं. उद्या साहेब आले की मी त्यांना सांगणार आहे की कृपा इथं राहील, कृपा म्हणूनच राहील, आणि दर रविवारी मी तिला दमणीतून प्रार्थनेला आणीन. भावकीला सोमवारी काय सांगायचं ते मला माहीत नाही. मला फार भीती वाटते आहे.